वऱ्हाडचे तारण आणि फौजेचा जाब

जालन्याहून चिखलीकडे जाणाऱ्या वाटेवर देऊळगाव राजा हे गाव लागते. आश्विन महिन्यात येथील बालाजीच्या यात्रेस लांबलांबून लोक येतात, आणि पुष्कळांस या गावाची ओळख तेवढीच असते. परंतु नकाशा पुढे घेऊन या गावाभोवती एका दिवसाच्या मजलेचे वर्तुळ काढले, तर त्यात तीन स्थळे अशी येतात की, त्यांच्या नावांनी आमच्या लष्करी इतिहासाचे तीन निरनिराळे काळ मनापुढे उभे राहावे. आग्नेयेस सिंदखेड, जाधवरावांचे ठाणे व जिजाऊसाहेबांचे माहेर. वायव्येस असई, जेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व भोसले यांच्या फौजेचा जनरल वेलस्लीने पराभव केला. नैर्ऋत्येस जालना, जेथे पुढे इंग्रजांची मोठी छावणी पडली.

या तिन्ही ठिकाणी फौजा नांदल्या, आणि तिन्ही फौजांचा दाणागोटा व पगार शेवटी या मुलखातील कुणब्याच्या शेतातूनच निघाला. लढाईत कोण जिंकले व कोण हरले हे आमच्या बखरींत व शाळेच्या पुस्तकांत पुष्कळ आहे. परंतु ज्यांनी या फौजा पोसल्या, त्यांस त्यांविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार कधी होता काय, तो केव्हा व कोणत्या मार्गाने त्यांच्या हाती आला, आणि हाती आलेल्या त्या अधिकाराचा आपण कितपत उपयोग करीत आहो, याचा विचार क्वचितच होतो. तो थोडक्यात करावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फौजेवर नजर ठेवण्याची कल्पना आमच्याकडे परकी नव्हे. शिवछत्रपतींच्या राज्यात किल्ला कोणा एकाच्या स्वाधीन नसे. हवालदार, सरनोबत व सबनीस यांची कामे वाटून दिलेली असत, आणि एकाच्या चुकीने अगर लोभाने किल्ला जाऊ नये अशी तजवीज असे. चिपळूण प्रांतातील छावणीच्या अंमलदारांस महाराजांनी लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. दाणा व वैरण जपून वापरावी आणि रयतेस लष्कराचा उपद्रव लागू नये, ही त्यातील कळकळ आजही वाचकाचे मन वेधून घेते. परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ही राजाची दक्षता होती, प्रजेचा अधिकार नव्हता. राजा दक्ष असेल तोवर रयत सुखी. तो गेला की त्याची दक्षताही त्याच्याबरोबर जावयाची. दक्षतेचे अधिकारात रूपांतर होण्यास पुढे कित्येक पिढ्या लागल्या, आणि तो प्रवास परक्या राज्यातून झाला.

असईच्या लढाईचीच गोष्ट घ्या. १७८४ च्या पिटच्या कायद्यात, हिंदुस्थानात मुलूखगिरी करणे ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेस, मानास व धोरणास विरुद्ध आहे, असे स्पष्ट म्हटले होते. असे असता वीस वर्षांच्या आत गव्हर्नर जनरलने शिंदे-भोसल्यांशी युद्ध पुकारले. १८०५ साली फिलिप फ्रान्सिस याने कॉमन्स सभेत या युद्धाविरुद्ध आवाज उठविला; सभेने तो मानला नाही. तरी एक गोष्ट घडून गेली होती. केळणेच्या काठी झालेल्या लढाईबद्दल टेम्स नदीच्या काठी कोणी तरी सरकारास जाब विचारला होता. ज्यांची घरे त्या वाटेवर होती, त्यांस मात्र असा प्रश्न निघाला हे कळलेही नसेल.

डिसेंबर १८०३ मध्ये भोसल्यांशी झालेल्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाच्या वाट्यास गेला. आमच्या विषयाचे खरे मर्म येथून पुढे आहे. १८०० च्या तहाने निजामाने कंपनीची तैनाती फौज पतकरली होतीच. शिवाय युद्धप्रसंगी आपलीही काही फौज मदतीस द्यावी असे त्यात ठरले होते. या दुसऱ्या कलमाच्या आधाराने हळूहळू इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक निराळीच फौज उभी राहिली. तिचे नाव हैदराबाद कंटिंजंट. युद्ध संपले तरी ती मोडली नाही. पगार निजामाचा आणि हुकूम रेसिडेंटाचा, अशी तिची घडण होती. पगार थकला की रेसिडेंटाने कर्ज द्यावयाचे, आणि ते कर्ज पुन्हा निजामाच्याच नावे मांडावयाचे, असा क्रम पडला. शांततेच्या काळात ही फौज बाळगण्याचे बंधन तहाने निजामावर घातलेले नाही, हे स्वतः लॉर्ड डलहौसीने आपल्या टिपणात कबूल केले आहे. परंतु त्याच डलहौसीने थकलेल्या बाकीसाठी मुलूख मागितला.

देऊळगावच्या परिसरास या फौजेची ओळख पटावयास फार काळ लागला नाही. त्या शतकाच्या मध्याला बाजीराव जाधवांच्या निशाणाखाली लढणाऱ्या अरब शिपायांशी कंटिंजंटची निकराची लढाई झाली, आणि त्यानंतर जाधवांच्या घराण्याची वंशपरंपरागत जहागीर गेली. एके काळी ज्या घराण्याच्या फौजेस बादशहा जपून असत, त्याचा शेवट एका अशा फौजेच्या हातून व्हावा की, जिचा धनी कोण हे नेमके सांगणेही कठीण, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा.

२१ मे १८५३ रोजी तह झाला. पाच हजारांहून कमी नाही इतके पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या एवढी कंटिंजंट ठेवण्याचे ठरले, आणि तिच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या ताब्यात देण्यात आले. म्हणजे एक सबंध प्रांत फौजेच्या पगारापोटी तारण पडला. तथापि या तहात एक कलम निजामाच्या बाजूचे होते. वसुलाचा व खर्चाचा हिशेब दरसाल त्यास दाखवावयाचा आणि शिल्लक राहील ती त्यास द्यावयाची. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत गेले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, आणि या सवलतींच्या मोबदल्यात निजामाने तो हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला: मागच्या वर्षांचा, चालू वर्षाचा आणि पुढच्या सर्व वर्षांचा. शिल्लक उरल्यास मिळेल. परंतु राज्यकारभारावर किती खर्च करावयाचा हे सर्वस्वी ब्रिटिश सरकारच्या मर्जीवर.

हे कलम आम्हास फार महत्त्वाचे वाटते. मुलूख गेला ही हानी तर खरीच. परंतु हिशेब विचारण्याचा हक्क गेला म्हणजे, गेलेला मुलूख कशासाठी गेला हे पुढे सांगताही येत नाही. पुढे कापसाच्या व्यापाराने वऱ्हाडची भरभराट झाली, आगगाडी आली, वसूल वाढला. सालारजंगांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली, ती व्यर्थ गेली. १९०२ साली लॉर्ड कर्झनने दरसाल पंचवीस लाख रुपयांच्या ठरीव रकमेवर वऱ्हाड कायमचा पट्ट्याने घेतला, आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन होऊन तिचे वेगळे नावही उरले नाही. जिच्यासाठी प्रांत तारण पडला ती फौज नाहीशी झाली; तारण मात्र सुटले नाही. आणि या पन्नास वर्षांच्या देवघेवीत वऱ्हाडच्या रयतेचे मत घ्यावे असे दोन्ही बाजूंपैकी एकाच्याही मनात आले नाही.

वऱ्हाडात जे लहान प्रमाणावर घडले तेच सबंध देशात मोठ्या प्रमाणावर घडत होते. १८५८ च्या कायद्यात पंचावन्नावे कलम असे होते की, प्रत्यक्ष स्वारी परतविणे अगर अचानक आलेली निकड यांवाचून, हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरील लढायांचा खर्च पार्लमेंटच्या दोन्ही सभांच्या संमतीशिवाय हिंदुस्थानच्या तिजोरीतून करू नये. कलम चांगले होते, आणि त्याने वादही पुष्कळ निघाले. १८७८ साली डिझरायलीने सुमारे सात हजार हिंदी शिपाई माल्टा बेटावर नेले, तेव्हा पार्लमेंटला न विचारता ते कसे नेले, यावर कॉमन्स सभेत मोठी खडाजंगी झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अफगाण युद्धाचा खर्च हिंदुस्थानावर टाकण्याचा प्रश्न आला, आणि पार्लमेंटने संमती दिली. यातील विसंगती उघड आहे. दुसऱ्याच्या पिशवीतून पैसे काढण्यास ज्यांनी संमती द्यावयाची, त्यांच्या स्वतःच्या खिशास धक्का लागत नव्हता. आणि ज्यांची पिशवी, त्यांस त्या सभेत जागा नव्हती. तपासणीची रीत उत्तम असली तरी तपासणारा खर्च भरणारा नसेल, तर त्या तपासणीस धार येत नाही.

ही धार प्रथम आणली ती आमच्यातील एका शाळामास्तराने. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे लंडनास साक्ष देऊन आलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. १८९२ च्या कायद्याने सभासदांस अंदाजपत्रकावर भाषण करण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा दिली होती; मत देण्याची नव्हती. अध्यक्षस्थानी खुद्द कर्झन. सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले. अशा सभेत भाषणाने एक पैही कमी व्हावयाची नाही, हे गोखल्यांस पक्के ठाऊक होते.

तरी त्यांनी व त्यांच्या पिढीने लष्करी खर्चाचा मुद्दा दरसाल सोडला नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. देशावर दुष्काळ ओढवला असता तिजोरीत शिल्लक पडते, ती सुबत्तेची खूण नसून कर जड असल्याची खूण आहे. १८९९-१९०० साली दक्षिण आफ्रिकेत व चीनमध्ये हजारो सैनिक पाठविता आले आणि तरी देशाचे संरक्षण उणे पडले नाही, यावरून देशाच्या गरजेहून अधिक फौज आपण पोसतो हे सिद्ध होते. ती साम्राज्यासाठी असेल, तर साम्राज्याने खर्चाचा वाटा उचलावा. आणि ज्या फौजेत हिंदी माणसास अधिकाराची जागा नाही, ती कितीही शूर असली तरी राष्ट्राची फौज होत नाही. आमच्या वाचकांस हे आठवले पाहिजे की, ज्या वर्षी पलटणी परदेशी जात होत्या, त्याच वर्षी वऱ्हाडवर फार भीषण दुष्काळ कोसळला होता.

गोखल्यांच्या भाषणांनी काय मिळाले, असे कोणी विचारील. मिठावरील कर मणास अडीच रुपये होता, तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. हे सर्व त्यांच्याच भाषणांनी झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दरसाल आकडे घेऊन कोणी तरी उभा राहणार आहे, हे ठाऊक असलेला खजिनदार हिशेब निराळ्या रीतीने मांडतो, यात संशय नाही. लष्करी खर्च मात्र फारसा हलला नाही. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याचा अधिकार आला, तेव्हा लष्कराचे सदर नियम करून त्या अधिकाराबाहेर ठेवण्यात आले. आणि १९१२ साली त्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी नामंजूर झाले. फौजेच्या आकड्यांवर बोलताना त्यांच्या डोळ्यापुढे सदैव गावोगावची शाळा असे, हे ज्यांनी ती भाषणे वाचली आहेत त्यांस सांगावयास नको.

प्रश्न विचारण्याचा अधिकार नसल्याचे मोल पैशात मोजता येते तोवर ते सोसवते. पुढे ते प्राणांनी मोजण्याची वेळ आली. ८ सप्टेंबर १९१४ रोजी नागपूरच्या सर गंगाधरराव चिटणवीसांनी कायदे कौन्सिलात ठराव आणला की, महायुद्धाच्या खर्चाचा भार हिंदुस्थान आनंदाने उचलील. ठराव अर्थातच पास झाला. नोव्हेंबरात सैन्य इराणच्या आखाताच्या टोकाशी उतरले. त्यात सहावी, म्हणजे पुण्याची डिव्हिजन होती आणि तीत मराठ्यांच्या पलटणी होत्या. बसरा हाती आल्यावर थांबावे की पुढे जावे, किती पुढे जावे, नदीतून जाण्यास बोटी पुरेशा आहेत काय, जखमींसाठी डॉक्टर व खाटा आहेत काय, हे प्रश्न सिमला व लंडन यांच्या तारांत घोळत राहिले. सैन्य मात्र बगदादच्या दिशेने पुढेच गेले. टेसिफॉन येथे माघार घ्यावी लागली, कुतच्या वेढ्यात पाच महिने उपासमार झाली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांपैकी पुष्कळ परत आले नाहीत.

या अनर्थाची चौकशी झाली, ती ब्रिटिश पार्लमेंटने खास कायदा करून नेमलेल्या कमिशनकडून. १९१७ च्या उन्हाळ्यात बाहेर आलेला त्याचा अहवाल आजही वाचवत नाही. जखमी माणसे बोटींच्या उघड्या तक्त्यांवर दिवसेंदिवस पडून होती. त्यांची स्थिती खरी तशी कळविणाऱ्या डॉक्टरास वरिष्ठांनी धमकावले. आणि सरकारकडे मात्र सर्व ठीक असल्याच्या तारा जात होत्या. कमिशनने व्हाइसरॉय, सरसेनापती व मोहिमेचा सेनापती कोणाचीही भीड ठेवली नाही. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले, आणि २० ऑगस्ट १९१७ ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा त्यांच्याच तोंडून झाली.

या प्रकरणाने दोन गोष्टी शिकविल्या असे आम्हास वाटते. पहिली ही की, युद्ध चालू असतानाही लोकप्रतिनिधींची सभा सेनापतींची चौकशी करू शकते, आणि त्यामुळे राष्ट्राचे हातपाय गळत नाहीत. उलट, पुढील मोहिमेची व्यवस्था सुधारते. चौकशी चालू असतानाच, मार्च १९१७ मध्ये, सुधारलेल्या व्यवस्थेनिशी बगदाद घेतले गेले. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. या कमिशनात एकही हिंदी सभासद नव्हता. शिपाई आमचे, तिजोरी आमची, शोक आमच्या घरांतला; पण प्रश्न विचारणारा दुसरा. त्याने प्रश्न चांगले विचारले हे खरे. तथापि दुसऱ्याने आपल्या वतीने केलेली विचारपूस ही केव्हाही उसनीच.

१९१९ च्या कायद्याने मध्यवर्ती असेंब्ली आली, पण संरक्षणाचा खर्च मतास टाकावयाचा नाही, आणि अंदाजपत्रकाच्या वेळी गव्हर्नर जनरलच्या परवानगीवाचून त्यावर चर्चाही करावयाची नाही, असे त्यात ठरले. वऱ्हाडची तर आणखीच गंमत. हा प्रांत कागदोपत्री निजामाचा असल्यामुळे त्याचा प्रतिनिधी आधी निवडणुकीने ठरावयाचा आणि मग सरकारने त्याची नेमणूक केली असे दाखवावयाचे. लोकनायक बापूजी अणे असेंब्लीत 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' म्हणून बसत ते या रीतीने. तारणाची सावली प्रतिनिधीच्या खुर्चीपर्यंत पोचली होती.

तरी असेंब्लीने मिळेल त्या फटीतून हात घातला. २८ मार्च १९२१ रोजी सर शिवस्वामी अय्यर यांनी आणलेल्या ठरावांत, हिंदी सैन्याचे काम हिंदुस्थानचे संरक्षण व अंतर्गत शांतता हे होय, ते साम्राज्याच्या इतर कामांसाठी राबवू नये, असे तत्त्व मांडले गेले. इंचकेप कमिटीने लष्करी खर्च १९२३-२४ साली पावणेअठ्ठावन्न कोटींवर आणावा व पुढे पन्नास कोटींपर्यंत उतरवावा अशी शिफारस केली. नागपूरचे डॉ. मुंजे यांनी हिंदी अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा प्रश्न सभागृहात व बाहेर सारखा लावून धरला. १९३१ च्या लष्करी महाविद्यालय समितीचे ते सभासद होते, आणि पुढच्याच वर्षी डेहराडूनची प्रबोधिनी सुरू झाली. परंतु मूळ अधिकार दूरच होता. १९३९ च्या ऑगस्टात सभेस न विचारता हिंदी पलटणी समुद्रापार रवाना झाल्या. वर्ध्यास भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने याचा निषेध करून आपल्या सभासदांस असेंब्लीच्या पुढील अधिवेशनास न जाण्याचा आदेश दिला. तीन आठवड्यांत व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेही एकट्याने.

२६ जानेवारी १९५० पासून हा अधिकार आपल्या स्वतःच्या हाती आला. संरक्षण खात्याची मागणी इतर खात्यांप्रमाणेच लोकसभेपुढे येते, तीवर कपात-सूचना मांडता येते, लोकलेखा समिती झालेला खर्च तपासते, आणि मंत्रिमंडळ लोकसभेस जबाबदार असते. या अधिकाराची पहिली मोठी कसोटी १९६२ साली लागली. २० ऑक्टोबरास चिनी आक्रमण झाले. ८ नोव्हेंबरास, म्हणजे ऐन लढाईत, संसदेचे अधिवेशन लवकर बोलावण्यात आले आणि लोकसभेत १६५ सभासद बोलले. तोपर्यंत कृष्ण मेनन यांस मंत्रिपद सोडावे लागले होते, आणि सह्याद्रीच्या कुशीतून यशवंतराव चव्हाण त्यांच्या जागी गेले. पराभवाच्या कारणांची लष्करी चौकशी झाली, आणि २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी तिचे सार लोकसभेस सांगितले. शिक्षण, साहित्य, हुकमतीची पद्धत, जवानांची शारीरिक तयारी व सेनाधिकाऱ्यांची कुवत अशा सदरांखाली त्यांनी दोषांची कबुली दिली. एका संरक्षणमंत्र्याने आपल्याच खात्याचे उणे सभागृहात मांडावे, हे धैर्याचे काम होते. परंतु तो अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. मेसापोटेमियाचा अहवाल परक्यांच्या पार्लमेंटने युद्ध चालू असता वर्षभरात छापला, आणि आमचा अहवाल युद्ध संपून दोन पिढ्या गेल्या तरी कपाटात आहे, ही तुलना सुखाची नाही.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो पोकळ नाही. फौजेच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या तर शत्रूस त्या कळतील, आणि सीमेवर उभ्या असलेल्या जवानाचे मन खचेल. मोहीम चालू असताना कोणती तुकडी कोठे आहे हे सभागृहात सांगू नये, हे आम्हासही मान्य आहे. आजच्या गुपितास कुलूप हवेच. परंतु साठ वर्षांपूर्वीच्या चुकीस कुलूप कशासाठी? जवानाविषयी म्हणावयाचे तर, कुतच्या वेढ्यातील मराठ्यांचे मन लंडनमधील प्रश्नांनी खचले नव्हते. ते बोटी, अन्न व औषध नसल्याने खचले. प्रश्न वेळेवर विचारले गेले असते तर ती साधने कदाचित पोचली असती. कारगिलच्या लढाईनंतर नेमलेल्या समितीचा अहवाल २००० साली काही भाग वगळून संसदेपुढे ठेवण्यात आला. हा मध्यम मार्ग चांगला आहे, आणि त्याने देशाचे काही वाईट झाले असे आम्ही ऐकिले नाही.

सैन्य परदेशी पाठविण्याविषयी आपल्या राज्यघटनेत संसदेची आगाऊ संमती घेण्याचे बंधन नाही. १९८७ साली श्रीलंकेत शांतिसेना गेली ती सरकारने केलेल्या करारानुसार. मार्च १९९० मध्ये ती परतली तेव्हा हजारांहून अधिक जवान कामी आले होते. या मुद्द्यावर १८५८ च्या परक्या कायद्यात जे कलम होते, तेवढेही आपल्याकडे नाही, हे विचार करण्याजोगे आहे. तथापि कायद्याच्या अक्षराहून सभेची सवय अधिक बलवान असते. २००३ साली इराकमध्ये सैन्य पाठवावे अशी अमेरिकेची इच्छा होती. त्या एप्रिलात संसदेने युद्धाच्या निषेधाचा ठराव एकमताने केला होता. जुलैत सरकारने, संयुक्त राष्ट्रांच्या आदेशावाचून सैन्य पाठवावयाचे नाही असे ठरविले. तोच मुलूख, तीच तैग्रिस नदी. १९१४ साली आमच्या शिपायांस तेथे नेताना कोणी विचारले नव्हते. २००३ साली देशभर वाद झाला, सभागृह बोलले, आणि कोणी गेले नाही. नव्वद वर्षांत काय कमावले ते यावरून कळावे.

कमावलेले गमावावयास मात्र इतका वेळ लागत नाही. १९९३ पासून संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे, ती परिश्रमाने अहवाल तयार करते. पण ते वाचतो कोण? मार्च २०१८ मध्ये, आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये, लोकसभेतील गोंधळात सर्व खात्यांच्या मागण्या, त्यात संरक्षणाचीही, चर्चेवाचून एकदम मंजूर झाल्या. या पद्धतीस 'गिलोटिन' म्हणतात. गोंधळ कोणी घातला व तो कोणी आवरावयाचा होता, या पक्षोपपक्षांच्या वादात आम्ही शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, गोखल्यांजवळ मत नव्हते आणि ते दरसाल बोलले. आमच्या प्रतिनिधींजवळ मत आहे आणि त्या दिवशी ते न बोलता दिले गेले.

देऊळगाव राजा आज बुलढाणा लोकसभा मतदारसंघात आहे. या गावाचा प्रतिनिधी आता कोणाच्या नेमणुकीच्या आडपडद्याने बसत नाही. तो येथल्या मतांनी जातो. निवडणुकीच्या दिवसांत तो गावात येतो, तेव्हा रस्ता, पाणी व कापसाचा भाव यांविषयी त्यास प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारलेच पाहिजेत. त्यांच्याच जोडीस, संरक्षणाच्या मागणीवर आपण किती वेळा बोललात, असा एक प्रश्न कोणी वडीलधाऱ्याने विचारावा. त्यात सैन्याविषयी अविश्वास नाही. आपल्या मुलास दूरगावी कामास पाठविताना मालक कोण, काम काय, परत येण्याची सोय काय, हे बाप विचारतो, तो काही मुलावर अविश्वास म्हणून नव्हे.

१८६० साली एका तहाच्या कलमाने वऱ्हाडचा हिशेब मागण्याचा हक्क सुटला, तेव्हा निदान सही तरी करावी लागली होती. आज तो हक्क आपला आहे, आणि आपल्या सहीवाचून तो कोणी घेऊ शकत नाही. पण वापरावाचून पडून राहिलेला हक्क सही न होताच हातचा जातो, एवढे ध्यानात ठेवावे.